पियानोच्या शिकवणीत टॅब्लेट : चर्चा कुठवर आली?

३ एप्रिल २०१० रोजी आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला. स्टाफ नोटेशनची पाने दाखवणारे फोरस्कोर हे ॲपही त्याच वर्षीचे. तेव्हापासून पियानोच्या स्टँडवर पुस्तकाशेजारी, आणि पुढे पुस्तकाच्या जागी, टॅब्लेट दिसू लागला आणि शिक्षकांमध्ये चर्चा सुरू झाली ती अजून चालू आहे. काही शिक्षक म्हणतात की आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या मुलाचे उरलेले सहा दिवस आजवर आमच्या हातात नव्हते, ते आता थोडे तरी आले. काही म्हणतात की जे वाद्य कानाने आणि हाताने शिकायचे, त्यात मुलांचे सगळे लक्ष आता डोळ्यांत जाऊन बसले आहे. दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे शिकवलेली माणसे आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

या चर्चेत गुंता होतो तो ‘टॅब्लेट’ ही एकच वस्तू धरल्यामुळे. प्रत्यक्षात त्यावर तीन वेगळी कामे चालतात. तो कधी कागदाची जागा घेतो, कधी शिक्षकाच्या कानाची, तर कधी दूरच्या शिक्षकाला घरात आणतो. या तिन्हींचे फायदे वेगळे आणि त्यांवरचे आक्षेपही वेगळे, म्हणून इथे ती एकेक करून घेतली आहेत. माझे स्वतःचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : कागद की काच हा यातला सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. चूक कोणी ऐकायची, विद्यार्थ्याने की यंत्राने, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

आधीची दोनशे वर्षे

शिकवणीत यंत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८१४ मध्ये डब्लिनला शिकवणाऱ्या योहान बर्नहार्ड लोगिए यांनी ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या उपकरणाचे पेटंट घेतले. पट्ट्यांसमोर लाकडी दांड्या बसवायच्या आणि विद्यार्थ्याचे मनगट व बोटे त्यांत योग्य जागी धरून ठेवायची, अशी ती रचना. हात चुकीचा पडण्याची शक्यताच उरत नसल्याने एक शिक्षक अनेक मुलांना अनेक पियानोंवर एकाच वेळी शिकवू शके. लंडनच्या संगीतकारांनी त्याविरुद्ध पत्रके काढली, लोगिए यांनी उत्तरे दिली, आणि तो वाद चालू असतानाही प्रशियाच्या सरकारने १८२२ मध्ये त्यांना ही पद्धत शिकवण्यासाठी बर्लिनला बोलावले. आजच्या वादातले बहुतेक मुद्दे तेव्हाच मांडले गेले होते : एकाच वेळी अधिक मुलांना शिकवता येणे, खर्च, शिक्षकाचे महत्त्व आणि यांत्रिक वादनाची भीती.

मेल्त्सेल यांचा मेट्रोनोम त्याच काळातला, १८१५ चा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हर्जिल क्लॅव्हियर हा मुका पियानो आला. पट्टी दाबताना आणि सोडताना त्यातून नुसता खट्ट असा आवाज येई, आणि एक स्वर दुसऱ्याला नीट जोडला गेला की नाही हे त्यावरून तपासता येई. १९०४ मध्ये जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने वादकाचे वादन कागदी गुंडाळीवर नोंदवून पुन्हा वाजवणारा पियानो काढला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बॉल स्टेट या संस्थेत इलेक्ट्रॉनिक पियानोंची प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या कानांवर हेडफोन आणि शिक्षकापुढे हवा त्याचा आवाज ऐकण्याची सोय. १९७० च्या दशकात डेलावेअर विद्यापीठात संगणकावर स्वर आणि अंतरे ओळखण्याचा सराव देणारी ‘ग्विदो’ प्रणाली चालू झाली.

आजच्या साधनांचा पाया मात्र १९८३ मधल्या मिडी या मानकाने घातला. कोणती पट्टी, कधी, किती वेगाने खाली गेली आणि कधी सुटली, एवढे चार आकडे मिळाले की पियानोवरचे वादन नोंदवता येते, असे या मानकाने ठरवले. वेगासाठी १ ते १२७ हे अंक. बासरी किंवा सारंगीवर हे जमणार नाही, कारण तिथे स्वर लागल्यानंतरही घडत राहतो. पियानोत हातोडी तारेवर आदळल्यावर वादकाच्या हाती पट्टी सोडणे आणि पेडल एवढेच उरते. यंत्राने शिकवण्याचे सर्वाधिक प्रयोग याच वाद्यावर झाले त्याचे एक मोठे कारण हे आहे. २००२ मध्ये मिनेसोटात ‘पियानो-ई-काँपिटिशन’ ही स्पर्धा झाली तेव्हा जपानात बसलेल्या परीक्षकासमोरचा यामाहाचा डिस्क्लाव्हियर अमेरिकेतल्या स्पर्धकाचे वादन स्वतःच्या तारांवर जसेच्या तसे वाजवत होता. त्या स्पर्धेच्या काही वर्षांच्या नोंदींमधूनच पुढे गूगलच्या संशोधकांनी सुमारे २०० तासांचा ‘माएस्ट्रो’ हा संग्रह तयार केला, आणि आवाज ऐकून स्वर ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी तो जगभर वापरला जातो.

या इतिहासातून एक गोष्ट दिसते, पण ती जपून घ्यायला हवी. कायरोप्लास्ट गेला, मेट्रोनोम राहिला. पहिले उपकरण हात धरून ठेवत होते. दुसरे फक्त लय दाखवते, ती पाळण्याचे काम वादकाकडेच ठेवते.

पान : कागदाऐवजी काच

पियानोवादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे पान उलटणे ही या वाद्याची जुनी अडचण. टॅब्लेटला ब्लूटूथचे पेडल जोडले की ती पायाने सुटते, असे जाहिरात सांगते. व्हायोलिनवादकाच्या बाबतीत ते पूर्ण खरे आहे. पियानोवादकाचा उजवा पाय मात्र सस्टेन पेडलवर असतो आणि अवघड रचनांत डावाही मोकळा नसतो. म्हणून अर्धेच पान आधी उलटून खालचा अर्धा भाग तसाच ठेवण्याची सोय आली, आणि २०२० मध्ये फोरस्कोरने डोळा मिचकावून किंवा ओठ हलवून पान उलटण्याची युक्ती दिली. व्यावसायिक मंचावर हा प्रश्न बराचसा मिटला आहे. ब्रसेल्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने २०१२ मध्येच कागद सोडून टॅब्लेट घेतल्याचे जाहीर केले होते.

शिकणाऱ्या मुलाचे तसे नाही. ए-फोर कागदाचा कर्ण १४.३ इंच भरतो. घरोघरी असतो तो टॅब्लेट १० इंचांच्या आसपासचा. म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी मुद्दाम मोठ्या स्वरचिन्हांत छापलेले पुस्तक काचेवर येताना लहान होते, आणि मूल मान पुढे काढून बसते. मान पुढे गेली की खांदा आणि मनगटही बिघडते. आक्षेप साधा आहे, पण रोजच्या शिकवणीत तोच सर्वांत जास्त त्रास देतो असे मला वाटते. मोठ्या पडद्याचे टॅब्लेट निघाले आहेत, ते महागही तितकेच आहेत.

वाचनावरचा परिणाम हा याहून खोल मुद्दा. नॉर्वेत २०१३ मध्ये आन्ने मांगेन आणि सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ मुलांवर केलेल्या अभ्यासात कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा चांगला समजल्याचे दिसले. पियानो शिक्षकांच्या लेखांत याचा दाखला वारंवार येतो. पण तो अभ्यास गद्याचा होता. संगीत वाचताना डोळा हाताच्या पुढे धावतो. इंग्रज मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये दाखवले की सफाईने वाचणाऱ्यांचा डोळा सात स्वरांपर्यंत पुढे असतो, नवख्यांचा तीनचार. एका वेळी एकच पान दाखवणाऱ्या टॅब्लेटवर पानाच्या शेवटच्या मापाशी या पुढे धावणाऱ्या डोळ्याला काही मिळत नाही. उघड्या पुस्तकात समोरचे पान तयार असते. उलट, फक्त एकदोन ओळी दाखवून बाकी झाकण्याची सोय वापरून काही शिक्षक मुलांना मुद्दाम पुढे बघायला लावतात. कागदावर बोट ठेवून किंवा पुठ्ठ्याने झाकूनही हे करता येते, आणि जुने शिक्षक ते करतच होते.

खुणा करण्याच्या बाबतीत टॅब्लेट निःसंशय पुढे आहे. बोटांचे क्रमांक एका थरात, श्वासाच्या जागा दुसऱ्या थरात, गेल्या महिन्यातल्या चुका तिसऱ्यात. हवे ते दाखवा, नको ते लपवा. पुस्तकात पेन्सिलीच्या वर्तुळांचा इतका थर साचतो की मूल ते बघणेच सोडून देते.

आणखी एक बाजू उपलब्धतेची. २००६ मध्ये एडवर्ड गुओ या विद्यार्थ्याने आयएमएसएलपी हा मुक्त संग्रह सुरू केला. २००७ च्या ऑक्टोबरात एका युरोपीय प्रकाशकाच्या कायदेशीर पत्रामुळे तो बंद झाला आणि २००८ मध्ये पुन्हा उघडला. बाख, मोझार्ट, बेथोव्हन, शोपँ सगळे त्यावर फुकट मिळते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, युरोपात ७०. त्यामुळे १९४५ मध्ये वारलेल्या बेला बार्टोकचे ‘मिक्रोकोस्मोस’ हे १५३ रचनांचे शिकवणीतले महत्त्वाचे पुस्तक भारतात २००६ पासून खुले आहे, युरोपात २०१६ पासून. पण फुकट मिळणारी प्रत कोणती असते, हे शिक्षकाने बघायला हवे. बाखची चेर्नी यांनी संपादित केलेली एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती मुलाच्या टॅब्लेटवर आली, तर त्यातल्या गतीच्या आणि जोराच्या खुणा चेर्नी यांच्या आहेत, बाखच्या नव्हेत. हे सांगणारे कोणी नसेल तर मूल त्या खुणा बाखच्याच समजून वाजवत राहते.

कान : चूक कोणी ऐकायची?

आता मुख्य वादाकडे. सिंप्ली पियानो, फ्लोकी, यूझिशियन ही ॲप विद्यार्थ्याचे वादन ऐकतात. टॅब्लेटच्या मायक्रोफोनने किंवा डिजिटल पियानो तारेने जोडला असेल तर थेट मिडीने. योग्य स्वर वाजला की पुढे सरकतात, चुकला तर लाल खूण किंवा थांबा. सिंथेसियासारख्या प्रकारात तर नोटेशन वाचण्याची गरजच पडत नाही. रंगीत पट्ट्या वरून खाली पडतात आणि त्या ज्या पट्टीवर टेकतील ती दाबायची.

समर्थकांचे म्हणणे सहानुभूतीने ऐकायला हवे, कारण ते घरातल्या खऱ्या अडचणीतून आले आहे. बहुतेक घरांत आईवडिलांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. सोमवारी शिक्षकाकडे शिकलेली चूक मूल रविवारपर्यंत पक्की करते. ॲप निदान स्वर चुकला हे त्याच दिवशी सांगते. कोणी ओरडत नाही, कोणी कंटाळत नाही. चाळिशीत पियानो सुरू करणाऱ्या माणसाला दुसऱ्यासमोर चुकण्याचा संकोच असतो. त्याच्यासाठी ही साधने म्हणजे सुरुवात होणे आणि न होणे यातला फरक ठरू शकतो.

विरोधकांचे आक्षेप तीन जातींचे आहेत. थांबण्याची पद्धत लय मोडते : योग्य पट्टी सापडेपर्यंत ॲप वाट बघते आणि मुलाला चाचपडण्याची सवय लागते. वाचनाची जागा अनुकरण घेते : पडणाऱ्या पट्ट्यांत स्वर आणि काळ दिसतो, पण वाक्य कुठे सुरू होते, सूर कुठे विसावतो, दोन हातांमधला संवाद कसा आहे, हे दिसत नाही. आणि तिसरा आक्षेप गुण, तारे, सलग दिवसांची मोजणी यांबद्दलचा. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी दाखवले होते की चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली, तर पुढे आपणहून चित्र काढण्यातला त्यांचा रस घटला. पियानोवर तसाच अभ्यास झाला आहे असे नव्हे. पण जे मूल गुणांसाठी वाजवते ते गुण संपल्यावर वाजवेल का, ही शंका रास्त आहे.

यातला दुसरा आक्षेप मला थोडा अतिशयोक्त वाटतो. नोटेशन न वाचता उत्तम वाजवणाऱ्यांची परंपरा जगात सर्वत्र आहे. महाराष्ट्रात तर पेटीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक ऐकून आणि बघून शिकले. जपानच्या शिनिची सुझुकींची पद्धतही कानापासून सुरू होते. पडणाऱ्या पट्ट्यांची खरी उणीव मला वेगळीच वाटते. ऐकून शिकणाऱ्याला स्वर आधी मनात धरावा लागतो, मग तो पट्टीवर शोधावा लागतो. पट्ट्या बघणाऱ्याला या दोन्हींची गरज पडत नाही.

इथे संशोधनाची मदत होते, आणि ती दोन वेगळ्या क्षेत्रांतून येते. १९८४ मध्ये सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हालचाल शिकण्यावरच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला तर सरावाच्या वेळी कामगिरी सुधारते, पण निकाल सांगणे थांबवल्यावर शिकलेले कमी टिकते, असे त्यातून पुढे आले. शिकणारा निकालावर विसंबतो आणि स्वतःच्या शरीराकडून येणाऱ्या जाणिवेकडे दुर्लक्ष करतो. नंतरच्या प्रयोगांत निम्म्याच प्रयत्नांचा निकाल सांगितलेल्यांचे शिकणे अधिक टिकलेले दिसले. हे बहुतेक प्रयोग हात हलवण्याच्या साध्या कामांवर, प्रौढांवर झालेले आहेत. ते जसेच्या तसे मुलांच्या पियानोला लावता येणार नाहीत. तरीही दर स्वराला लाल-हिरवा निकाल देणाऱ्या ॲपच्या रचनेवर ते थेट बोट ठेवतात.

दुसरा अभ्यास पियानोचाच आहे. टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट ड्यूक आणि सहकारी यांनी २००९ मध्ये १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्तोतला तीन मापांचा तुकडा दिला. हवा तितका सराव करा आणि उद्या या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या वादनाचा संबंध सरावाला किती वेळ दिला किंवा किती वेळा वाजवले याच्याशी लागला नाही. सर्वांत चांगले वाजवणारे सुरुवातीला इतरांइतकेच चुकले होते. पण ते चुकीपाशी थांबले, ती नेमकी कुठे आणि कशामुळे झाली हे शोधले, वेग कमी करून तेवढाच तुकडा घोळला आणि चूक गेल्यावरच पुढे सरकले.

हे दोन्ही एकत्र ठेवले की ॲपकडे बघण्याची दृष्टी बदलते. चूक झाली हे कळणे ही पहिली पायरी. ती कशामुळे झाली, अंगठा उशिरा खाली गेला म्हणून, डोळा वेळेवर पुढे गेला नाही म्हणून, की चौथ्या बोटाऐवजी तिसरे पडले म्हणून, हे शोधणे ही दुसरी. ॲप पहिली पायरी विद्यार्थ्याच्या वतीने चढते आणि दुसरीपर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण मिडीच्या आकड्यांत बोट नसते, मनगट नसते, खांदा नसतो. शास्त्रीय गायन शिकणाऱ्यांना यातले साम्य ओळखीचे वाटेल. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने रियाज घरोघरी सोपा केला, पण तार जुळवताना जो कान तयार व्हायचा त्याचा सराव अनेकांचा सुटला.

याच मोजपट्टीने पाहिले तर टॅब्लेटचा एक वापर फार कमी चर्चिला जातो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो : नुसते ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण. वाजवताना ऐकणे नवशिक्याला जमत नाही, त्याचे सगळे लक्ष हातात असते. तेच वादन दोन मिनिटांनी ऐकले तर घाई झालेली जागा त्याला स्वतःच ऐकू येते. बाजूने काढलेल्या चित्रीकरणात मनगट कुठे खाली पडले तेही दिसते. इथे निकाल देणारे यंत्र नसते आणि चूक शोधण्याचे काम विद्यार्थ्याकडेच राहते. हळू वेगात ऐकवणारी ॲप, वाद्यवृंदाची साथ देणारे ट्रॅक, जसे ‘पियानो ॲडव्हेंचर्स’ या पुस्तकमालेच्या प्लेअर ॲपमध्ये आहेत, हेही याच बाजूला बसतात. पियानो शिकणारे मूल वर्षानुवर्षे एकटेच वाजवते. दुसऱ्याच्या लयीत वाजवण्याची संधी त्याला या साथीमुळे लवकर मिळते.

अंतर : दूरची शिकवणी आणि दूरची परीक्षा

मार्च २०२० मध्ये ही चर्चा शिक्षकांच्या इच्छेवर राहिली नाही. शिकवणी पडद्यावर गेली आणि दोन अडचणी लगेच कळल्या. व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. लांबत विरणारा पियानोचा स्वर ती पार्श्वभूमीची घरघर समजून कापते. त्यासाठी झूममध्ये मूळ ध्वनी चालू ठेवण्याची सोय शोधून काढावी लागली. दुसरी अडचण उशिराची. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एकाच खोलीत साडेतीन मीटरवर बसलेल्यांमध्ये साधारण १० मिलिसेकंदांचे अंतर. २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की एकत्र वाजवणे डगमगू लागते, आणि साध्या इंटरनेट कॉलवरचा उशीर त्याच्या कितीतरी पुढे असतो. स्टॅनफर्डचे जॅकट्रिप किंवा इटलीतल्या त्रिएस्तेच्या संगीतशाळेने विकसित केलेले लोला हे यावरचे उपाय. पण त्यांना लागणारे जाळे घरोघरी नसते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या जोडीने वाजवणे हे शिक्षकाचे महत्त्वाचे साधन दूरच्या शिकवणीत गळून पडते. बदल्यात पट्ट्यांच्या वर धरलेल्या कॅमेऱ्यातून बोटे जेवढी स्पष्ट दिसतात तेवढी शेजारी बसूनही दिसत नाहीत, असे अनेक शिक्षक सांगतात.

परीक्षांवर झालेला परिणाम अधिक टिकाऊ ठरला. मुंबई, पुणे आणि गोव्यात पियानो शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा प्रवास ब्रिटनच्या एबीआरएसएम (स्थापना १८८९) किंवा ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांमधून होतो. दोन्ही मंडळांनी २०२० मध्ये चित्रीकरण पाठवून देता येणाऱ्या परीक्षा आणल्या. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये विद्यार्थी सलग चार रचना वाजवतो. स्केल, साईट रीडिंग आणि कानाची चाचणी नाही. परीक्षकासमोरच्या जुन्या परीक्षेत १५० पैकी २१ गुण साईट रीडिंगला आणि १८ कानाच्या चाचणीला असतात.

बाजू मांडणारे म्हणतात : कार्यक्रम सलग वाजवणे हे खऱ्या मंचावरच्या वादनाच्या जवळचे आहे, घाबरणाऱ्या मुलाला घरचा ओळखीचा पियानो मिळतो, परीक्षक गावात येण्याची वाट बघावी लागत नाही. विरोधी बाजू म्हणते : ज्या दोन गोष्टी मुले परीक्षेमुळेच शिकत, त्याच गळाल्या, आणि दहा वेळा चित्रित करून त्यातले उत्तम पाठवणे हे एकदाच वाजवण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे. मला यात दुसरी बाजू जड वाटते. वाचन आणि ऐकणे यांची किंमत पालकांना आधीच कमी कळते. गुणपत्रिकेतून ती नाहीशी झाली तर शिक्षकाने त्यासाठी शिकवणीतला वेळ मागायचा कसा?

आपल्याकडची परिस्थिती

गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमधून पोर्तुगीज काळापासून स्वरवाचन शिकवले गेले, आणि तिथून आलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपट संगीतात वाद्यवृंदाचा कणा झाले. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना शिकवते. या केंद्रांपासून दूर गेले की शिक्षक विरळ होतात. तिथे टॅब्लेट हा शिक्षकाला पर्याय आहे की नाही हा वादच निरर्थक, कारण शिक्षकच नाही.

वाद्याचा प्रश्नही आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत लाकडी पियानो सुरात राहत नाही, तो जुळवणारे कारागीर मोजके, आणि फ्लॅटमध्ये जागा नाही. म्हणून सुरुवात बहुधा ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर होते. टॅब्लेटचे ॲप अशा कीबोर्डवरही हिरवी खूण देते. पण ८८ वजनदार पट्ट्यांवर बोटाच्या जोराने घडणारा आवाज त्या मुलाच्या हाताला माहीतच होत नाही. टॅब्लेट घ्यावा की आधी बरा डिजिटल पियानो, असे पालक विचारतात तेव्हा पैसा आधी वाद्यात घाला असे मी सांगतो, आणि यावर दोन्ही बाजूंच्या शिक्षकांचे एकमत आढळते.

काय ठरायचे बाकी आहे

वयाची मर्यादा ठरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. पियानोवर टॅब्लेटसमोर घालवलेली वीस मिनिटे त्यात धरायची का, यावर शिक्षकांत एकवाक्यता नाही. स्वीडनने २०२३ मध्ये शाळांत छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा दिला आणि युनेस्कोच्या त्या वर्षीच्या अहवालाने शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल सावधगिरी सांगितली. दोन्ही शाळेपुरते आहे, संगीताला ते किती लागू पडते हे पाहिलेले नाही.

मुलांच्या माहितीचा प्रश्न नवा आहे. ऐकणारे ॲप मुलाचा आवाज, सरावाच्या वेळा आणि चुका साठवू शकते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शिक्षक आपल्या खात्यातून वीस मुलांना ॲपवर घेतो तेव्हा ही जबाबदारी कोणाची, हे छोट्या खासगी शिकवण्यांमध्ये कोणी ठरवलेले नाही. वर्गणी थांबली किंवा कंपनी बंद पडली तर मुलाच्या तीन वर्षांच्या खुणा आणि नोंदी कुठे जातात, हाही त्याच्याच शेजारचा प्रश्न.

भावपूर्ण वादनाला गुण देण्याचा दावा आता पुढे येतो आहे. यंत्र मोठ्या संग्रहाशी तुलना करून जोर आणि लय यांतला फरक मोजू शकते. पण शोपँच्या मझुर्कातला दुसरा ठोका किती लांबवायचा यावर मोठ्या वादकांमध्येच मतभेद आहेत. सरासरीपासून दूर गेलेले वादन चुकले की वेगळे झाले, हे आकडा सांगत नाही.

सर्वांत मोठी पोकळी पुराव्याची आहे. उपलब्ध अभ्यासांतले बरेचसे प्रौढांवर किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर, थोड्या संख्येने आणि थोड्या दिवसांत झालेले आहेत. हवा तो अभ्यास वेगळा आहे : सात ते बारा वर्षांची मुले, काही ॲपच्या जोडीने शिकणारी, काही फक्त ध्वनिमुद्रण वापरणारी, काही निव्वळ पुस्तकावर, दोन-तीन वर्षांनी तिन्ही गटांना टॅब्लेटशिवाय एक नवी रचना वाचायला आणि एक ऐकलेली चाल पट्ट्यांवर शोधायला द्यायची. ग्रेड परीक्षा घेणाऱ्या मंडळांकडे दरवर्षी जगभरातून हीच मुले येतात आणि समोरासमोरच्या परीक्षेत साईट रीडिंगचे व कानाच्या चाचणीचे गुण आधीच नोंदले जातात. परीक्षेच्या अर्जावर घरच्या सरावात कोणते साधन वापरले एवढा एक रकाना वाढवला, तरी या अभ्यासाची सुरुवात होऊ शकेल.